चौथी कोनशिला

पाहुण्यांना विमानतळावरून आणायचं काम माझं.
मी ओर्सीर, गुंतवणूक खात्याचा ड्रायव्हर.
सतरा वर्षं, चार गव्हर्नर, एकच टोयोटा;
सीटकव्हरं मात्र दर राजवटीत नवी.

मागे नकाशा उलगडला की
टोर्क्वासे मॅडम सुरू होतात :
बेन्वे नदी, बारमाही पाणी,
यामचे ढीग, संत्र्यांचे डोंगर,
दहा वर्षं करमाफी,
एक खिडकी, एकवीस दिवसांत परवाना.
मी आरशातून बघतो.
खिडकी एकच आहे, हे खरं.
तिच्यामागचा माणूस आठवड्यातून दोनदा असतो.

गबोको मागे पडलं की रस्ता आम्हाला नाचवू लागतो
आणि मॅडमचा आवाज चढतो,
फाटक्या गादीवर घाईघाईनं
पलंगपोस अंथरावा तसा.

रसाच्या कारखान्याच्या जागेवर
आजवर तीन कोनशिला बसल्या.
पहिलीची अक्षरं शेवाळानं खाल्ली.
दुसरीवर बकऱ्या बसतात.
तिसरी काळ्या ग्रॅनाइटची, अजून चकचकीत;
गावातली पोरं शाळेत जाताना
तिच्यात बघून भांग पाडतात.
काही म्हणा, एवढा उपयोग झाला.

यंदाचे पाहुणे लागोसच्या बँकेतले फोलारिन साहेब.
जानेवारी होता, सहारातून आलेली धूळ हवेत,
सूर्य कंदिलाच्या काळवंडलेल्या काचेमागे असावा तसा.
ते म्हणाले, वीज किती तास?
मॅडम म्हणाल्या, सुधारते आहे.
मी मनातल्या मनात हिशेब केला :
काल तीन, परवा शून्य,
रविवारी प्रार्थनेच्या वेळी अकरा मिनिटं.

मग आंब्याखाली बसलेली म्बालामेन दिसली
आणि मॅडमनी गाडी थांबवायला सांगितली.
ब्लेडनं संत्र्याची साल ती अशी काढते
की एकच लांब फीत मांडीवर उतरते, न तुटता.
वरची टोपी कापली आणि संत्रं पुढे केलं.
साहेबांना चोखायचं कसं ते ठाऊक होतं,
पण शर्ट पांढरा होता.

बाकीच्या मालाचं काय होतं? त्यांनी विचारलं.
तिनं हनुवटीनं मागे दाखवलं.
ट्रक आला तर कानो.
नाही आला तर माश्या.

आणि तुमची यात गुंतवणूक किती?
हा शब्द तिला कळेना.
मॅडमनी तो टिव भाषेत नेला,
आणि तिथे पोचेस्तोवर त्याचा कोट उतरला होता :
बाई, तू यात किती गुंतलीस?

ती हसली.
नवरा गेला त्या साली चाळीस झाडं लावली, म्हणाली.
मग विहीर. मग दोन पोरींच्या फिया.
हा उजवा गुडघा.
एकतीस डिसेंबर, एकही सुट्टी नाही.
आता निघायचं म्हटलं तरी निघता येत नाही.
मग ब्लेड पुसत तिनं विचारलं,
तुम्ही किती गुंतणार?

मॅडमनी याचं भाषांतर केलं नाही.
पण साहेबांना कळलं असावं,
कारण त्यांनी वाकून संत्रं तोंडाला लावलं
आणि रस बाहीत गेला, कोपरापर्यंत.

परतीच्या वाटेवर गाडीभर संत्र्यांचा वास.
डॅशबोर्डच्या कप्प्यात, टॉर्चखाली,
चौथ्या कोनशिलेचं कोटेशन आहे.
संगमरवर की ग्रॅनाइट, एवढंच ठरायचं आहे.

बऱ्याच वेळानं साहेब बोलले,
ट्रक का येत नाही?

मॅडम गप्प.
सतरा वर्षांत पहिल्यांदा
मला नुसत्या रस्त्याचा आवाज ऐकू आला.

सरकारी ड्रायव्हरनं बोलायचं नसतं.
मोठ्या खड्ड्याच्या काठाशी मी गाडी उभी केली,
इंजिन बंद केलं,
मागचं दार उघडून धरलं.

साहेब उतरले.
आधी पँट वर ओढली,
मग एक पाय आत सोडून पाहिला.
बूट दिसेनासा झाला,
मोजा दिसेनासा झाला.